डावा कान बरा झाल्यावर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, छापखान्यातून निवृत्त, प्रार्थनेची गाणी रचणारा म्हणून चार लोकांत ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कानांचाही आहे, तो तर फारच उत्तम आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. तिच्यामागे मुलीची. मागची भिंत पाडून खोली मोठी करण्याचा विषय जावयाने पत्नीच्या हयातीत काढू नये.

२. हार्मोनियम आमच्या भजनी मंडळाच्या तबलजीला द्यावी. तो ती विकून मोकळा होईल हे मला ठाऊक आहे. होऊ दे. कानाच्या ऑपरेशनपासून ती नुसती पडून आहे.

३. गाण्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो. तरुणपणी एका दुपारी वीज गेली आणि छपाईची यंत्रे थांबली. सगळे शांत झाले, पण माझ्या डाव्या कानात एक सूर चालूच राहिला, कोणी शेजारी बसून गुणगुणावे तसा. मी कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून ढसाढसा रडलो. फोरमन म्हणाला, "अरे, घरचं कोणी गेलं का?" मी म्हणालो, "नाही हो, आलंय." पुढची सगळी गाणी मी त्या सुराच्या सोबतीने रचली. लोक ती आजाऱ्यांच्या उशाशी बसून गातात.

मग मुलगी म्हणाली, "बाबा, डावीकडून गाडी आली तरी तुम्हाला कळत नाही. माझा जीव टांगणीला लागतो." तिने हट्टाने ऑपरेशन करवले. कानातले एक बारीक हाड ताठले होते. पट्टी सोडली तेव्हा भिंतीवरचे घड्याळ ऐकू आले, आणि तो सूर नव्हता. मी घाबरून विचारले, तर डॉक्टर हसले. "आजोबा, तो आवाज जायलाच हवा होता. तो त्या ताठलेल्या हाडामुळेच येत होता ना?"

म्हणजे देव नव्हताच, हाड होते. नाहीतर देव होता आणि आम्ही तो कापून काढला. काहीही खरे धरले तरी मी पोरकाच. त्यानंतर एक ओळ सुचलेली नाही.

४. गाणी गाणाऱ्यांची. त्यांना यातले काही सांगू नये. मंडळाच्या अध्यक्षांनी मात्र माझ्या पुस्तकावरचा 'साक्षात्कारी' हा शब्द काढावा. माझ्या नावाचे हार या गृहस्थांनी आयुष्यभर स्वतःच्या गळ्यात घालून घेतले.

५. मुलीने स्वतःला बोल लावू नये. तिला बाप हवा होता. सूर जाईल हे आधी कळले असते तर मी नाही म्हणालो असतो, इतकेच.

६. माझ्या अंत्यविधीत गाणे नको. सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसावे. तो खरोखर असेल तर तेवढ्यात कोणाच्या तरी कानी पडेल. पडलाच, तर न लाजता माझ्या पत्नीला जाऊन सांगावे. लग्नापासून ती विचारत आली की तो सूर कसा आहे, आणि मला तो कधीच गुणगुणून दाखवता आला नाही.

हे सर्व मी मोठ्याने वाचून दाखवले. दोन्ही साक्षीदारांनी ऐकून माझ्यादेखत सह्या केल्या.

साक्षीदार : १. शेजारचे शिंपी (सही)
२. छापखान्यातील जुने खिळे-जुळारी, म्हणजे कंपोझिटर (सही)

लिहून ठेवणार : (सही)

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर