बिबट्यानं भाकर वाटून खाल्ली

३ मार्च
कुलेलेनं आमचा कुत्रा मारला! उंबऱ्यावरच, कोयत्याच्या एका घावात. भिंतीवरचं रक्त अजून ओलं आहे. हा मोठ्या घरचा — गावच्या सरदारीण रेसरेस आजींचा नातू. "बिबट्याची गोष्ट आमच्या घरची! ती चिनीत करून तैपेईच्या प्रकाशकाला विकलीस? कोणाला विचारलंस?"
नव्हतं विचारलं. घराण्याची गोष्ट घराण्यानंच सांगायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला वाटलं, मुलांचं पुस्तक — कोण बघतंय!

५ मार्च
कुलेलेनं चामाक काकांना झऱ्यावर गाठून त्यांचा जबडा फोडला. गोष्ट त्यांनीच मला सांगितलेली. तरुणपणी ते मोठ्या घरचे शिकारी होते. "सांगणारं तोंडच ठेवत नाही," म्हणाला म्हणे. काका दात ओंजळीत घेऊन घरी आले. ते गेले तर कुलेलेला मी जिवंत सोडणार नाही.
संपादकबाईंना तैपेईला फोन केला. छपाई थांबवा म्हटलं. "सेलेपताई, आता? किती गोड झालंय पुस्तक!" गोड! मूळ गोष्टीत बिबट्या सरदाराचं पोट फाडतो, ते त्यांनी काढायला लावलं. आता दोघं राळ्याची भाकर वाटून खातात. मीच लिहून दिलं तसं.

६ मार्च
कुलेलेचा निरोप — "काकाचं तोंड झालं. आता तुझे हात."

७ मार्च
भरपाईचं डुक्कर घेऊन मोठ्या घरी गेले. कुलेले माझ्याकडे बघत सुरीला धार लावत होता. आजी म्हणाल्या, "थांब रे. आधी वाच गं, काय लिहिलंयस ते."
छापील पानं होती. चिनीतून वाचत, आपल्या भाषेत सांगत गेले. भाकरीपाशी आल्यावर आजी पचकन थुंकल्या. "आमचा पूर्वज बिबट्याबरोबर जेवला? ही आमची गोष्टच नव्हे! हिनं काही चोरलेलं नाही. डुक्कर परत ने."
वाचले. लाजेनं मेले, पण वाचले. तरीही कुलेलेनं सुरी डुकराच्या गळ्यात खुपसलीच. त्याची किंकाळी खाली आमच्या घरापर्यंत गेली म्हणे.

२० मार्च
काकांना चमच्यानं पेज. एक शब्द बोलत नाहीत.

११ जून
रेसरेस आजी गेल्या. संध्याकाळी कुलेले दारात. हात रिकामे, डोळे सुजलेले. "आजीनं मला बिबट्याची गोष्ट अर्धीच सांगितली होती. पुरी आता तुम्हा दोघांनाच येते. काका तर बोलत नाहीत. सांग ना, सेलेप."
तैपेईहून छापून आलेलं पुस्तक आणून त्याच्या हातात ठेवलं. म्हटलं, "मला एवढीच येते."