बाबा म्हणतात, मी आले

४ नोव्हेंबर

आज बाबा न्हाव्याला म्हणाले, "अहो, मी आले!" म्हणजे मोबाईल म्हणाला. दीड वर्षापूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, आता ते टाइप करतात आणि ॲप बोलतं. काल ॲप अपडेट झालं — आणि बाबांची एकदम बाई झाली! न्हावी हसला. मलाही हसू आवरेना. बाबा केस न कापताच माघारी फिरले.

५ नोव्हेंबर

नुसतं "ये" लिहिलं की ॲप पुढचं स्वतःच भरतं आणि बोलूनही मोकळं होतं. येते. बसले. जाते. वर वाक्याआधी "अहो" लावतं! हे शिकवलं कुणी याला? तक्रार पाठवली. उत्तर आलं, मोबाईल बंद करून चालू करा. केला. काही फरक नाही.

८ नोव्हेंबर

बाबांनी बोलणंच टाकलं. मी खोदून विचारलं तर कागदावर लिहिलं, "हसं करून घ्यायची हौस नाही." ऑपरेशननंतरचे चार महिने असेच गेले होते. नुसती मान हलवायची आणि भिंतीकडे बघत बसायचं. मला भीती वाटते. पुन्हा ते नको.

एक कोडं मात्र सुटत नाही. बोलत नाहीत, तर संध्याकाळपर्यंत बॅटरी संपवतं कोण?

९ नोव्हेंबर

चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. एका वेळी एकच भिंग बदलायचं आणि विचारायचं, आता बरं दिसतं की मघाशी? दोन एकदम बदलली की काहीच कळत नाही. ॲपचंही तसंच केलं. भाषा बदलली — तेच. आवाज बदलला — तेच, फक्त आता जाड आवाजात "मी आले"! मग माझ्या मोबाईलवर तेच ॲप घातलं, तेच अपडेट. "ये" लिहिलं. येतो, येते, दोन्ही दाखवलं आणि शहाण्यासारखं गप्प बसलं.

म्हणजे घोळ फक्त बाबांच्या मोबाईलवर! का?

१२ नोव्हेंबर

चौथी तक्रार. उत्तर — "आमच्याकडे नीट चालतंय." चालत असेल हो, पण तुम्ही कुठे आमच्या न्हाव्याकडे येता! चिडून दोन्ही मोबाईल शेजारी ठेवले, व्हिडिओ काढला आणि पाठवून दिला.

१३ नोव्हेंबर

ॲप बनवणाऱ्या बाईंचाच फोन आला! व्हिडिओ बघून त्याही चक्रावल्या होत्या. म्हणाल्या, नव्या अपडेटपासून ॲप आधीचं सगळं टाइप केलेलं चाळतं आणि जे जास्त वापरलंय तेच भरतं. मग विचारलं, "हा मोबाईल घरातल्या कुणी बाई वापरतात का?"

नाही म्हटलं. घरात आम्ही दोघंच, आणि मी एरवी त्याला हात लावत नाही.

"सेटिंगमध्ये 'शिकलेली वाक्यं' अशी यादी आहे. मला पाठवू नका, खाजगी असतं. तुम्हीच बघा."

१४ नोव्हेंबर

बाबा आंघोळीला गेल्यावर यादी उघडली.

"अहो, गोळी घेतलीत का?"

"हो, घेतली."

"अहो, मी इथेच बसले आहे."

"आज तूच बोल. मी ऐकतो."

"अहो, पोरीवर चिडू नका. दमते ती."

वाक्यांपुढे रोजच्या दुपारच्या वेळा. मी दुकानात असते तेव्हाच्या. पानंच्या पानं!

आईला जाऊन तीन वर्षं झाली. ती अगदी अशीच बोलायची. मोबाईल चोरासारखा जागेवर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

१५ नोव्हेंबर

बाईंना फोन केला. म्हटलं, बरोबर आहे तुमचं, एक बाई वापरतात. त्यांचं काही पुसू नका. फक्त दोघांचं वेगळं ठेवा, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे त्या ॲपला शिकवा. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आठवडा द्या म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर

नवं अपडेट आलं. ॲप उघडताच विचारतं, हा मोबाईल किती जण वापरतात? मी मान खाली घालून चष्मा पुसत बसले. बाबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग "तीन" दाबलं आणि मोबाईल माझ्यापुढे सरकवला.