ताटाभोवतीचं पाणी

मंगळवार, दिवेलागणीला

डॉक्टरांचं बोलणं डोक्यातून जात नाही. मेंदूला रक्त नेणारी यांच्या मानेतली डावी नस जवळपास बंद झालीय. "ऑपरेशन में भी लकवे का खतरा है, और न कराओ तो भी." मग आम्हाला विचारता काहून? यांनी मात्र ऑपरेशनला लगेच हो म्हटलं.

परवा जेवायला बसले, नेहमीसारखं ताटाभोवती पाणी फिरवायला घेतलं आणि उजवा हात अर्ध्यातच थांबला. "काय झालं?" विचारलं, तर तोंडून शब्द फुटेना. थोड्या वेळाने हात हलला, बोलणंही आलं. "चलो, वरण वाढ," म्हणाले, जसं काही झालंच नाही. ते अर्धं राहिलेलं पाण्याचं कडं मी पुसलं, तरी दिसतं.

आत्ता पोळ्या करून बाहेर आले, तर हे रिकाम्या ताटाभोवती पाणी फिरवून राहिले होते. डाव्या हाताने! कोणी डाव्या हाताने वाढलं तरी ताटावरून उठणारा हा माणूस.

"सवय करून राहिलो," मान वर न करता म्हणाले. "ऑपरेशननंतर उजवा चालेल, न चालेल."

पाणी सांडलं होतं, पण कडं पूर्ण झालं होतं. मला त्याचीच भीती वाटली.