काठावर काढून ठेवलेल्या चपलांसह सर्व मिळकतीबाबत

लिहून ठेवणार रत्नदीप हणमंत सर्वगोड, वय त्रेपन्न, धंदा टायर-ट्यूब पंक्चर, दुकान नवी पेठेच्या तोंडाशी, राहणार सोलापूर. मिळकतीच्या वाटणीआधी एक गाऱ्हाणे कायद्याच्या कानावर घालणे मला अत्यंत निकडीचे वाटते. गेली कित्येक वर्षे मी बुडणाऱ्यांना काढायला पाण्यात उतरतो आणि उतरताना चप्पल काठावर काढतो. माणूस बाहेर येतो, चप्पल जाते. काठावर एवढी माणसे हळहळत उभी असतात, त्यांतला एक जण नेमका माझ्या मापाचा असतो. याची चौकशी व्हावी असे माझे म्हणणे नाही. चौकशीला येणाऱ्यांच्याही जातील.

माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मजवर कोणाचेही दडपण नाही. पत्नी मीनाबाई फक्त एवढेच म्हणाली, "एक तर मृत्युपत्र करा, नाहीतर पुराच्या पाण्यात जाणं सोडा." याला कायद्यात दडपण म्हणत नाहीत, संसार म्हणतात. आडनाव सर्वगोड असले तरी जिभेची हमी आडनावाने घेतलेली नाही, हेही नमूद करतो.

कलम पहिले. राहते घर, गच्ची, बँकेतली ठेव आणि गच्चीवरची पाण्याची पिंपे मीनाबाईला. ज्या गल्लीत माणसे नळाची वाट बघत बसतात, त्या गल्लीतून बुडत्यांसाठी पथक निघते याचे तिला पहिल्यापासून हसू येते. "आधी घरात बुडण्याइतकं पाणी आणा," असे ती पाहुण्यांसमोर म्हणते. तिला माफ केले आहे. पाहुण्यांना नाही.

कलम दुसरे. दुकान आणि हवेचा कॉम्प्रेसर मुलगी धम्मप्रिया हिला. ती नोकरी करते, तेव्हा दुकान भाड्याने दिले तरी चालेल. बाहेरचा फळा मात्र देऊ नये. त्यावर मी रोज एक टोमणा लिहितो, त्यामुळे दोन नगरसेवक आणि एक मेहुणा पंक्चर दुसरीकडे काढतात. तिनेही लिहावे, फक्त सुविचार लिहू नयेत. ते समोरच्या दुकानात फुकट मिळतात.

ट्रकच्या जुन्या ट्यूबा पथकाच्या. पथक त्यांच्यापासूनच सुरू झाले. हिप्परग्याच्या तलावात एक जण गटांगळ्या खात होता, मी दुरुस्त करून नेत असलेली ट्यूब फेकली, आणि तेव्हापासून लोक मला फोन करतात. एकदा तिथूनच फोन आला, हिप्परग्याच्या काठावर चपला आहेत, माणूस नाही. आमच्यात याचा अर्थ एकच होतो. दुपारपर्यंत पाण्यात गळ टाकून टाकून हात भरून आले. मग पथकातला माझा सर्वांत जुना जोडीदार चन्नप्पा चप्पल उचलून न्याहाळू लागला.

"अण्णा, अंगठ्याला ट्यूबचं ठिगळ हाय की हिच्या."

ठिगळ माझ्या हातचे होते. चोरीला गेली म्हणून जिच्या नावाने मी आठवडाभर सोलापूरकरांचा उद्धार केला, ती चप्पल जिथे सोडली तिथेच होती. त्या दिवशी मी मलाच शोधत होतो आणि सुखरूप सापडलो. हे पथकाचे यश धरावे की नाही, यावर चन्नप्पाचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.

कलम तिसरे, आणि सगळा खटाटोप याच्यासाठीच आहे. रबरी होडी आणि तिचे इंजिन. ही लोकांच्या वर्गणीतून आली, कागदावर माझ्या नावाची आहे. माझा पुतण्या सुमित याचा तिच्यावर डोळा आहे.

"काका, वर्षातून चार वेळा लागते ती. बाकी दिवस नुसती हवा धरून पडते."

"हवा मी भरतो. तुला काय त्रास?"

गेल्या हिवाळ्यात त्याने न विचारता होडी उजनीला नेली. केम स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांना फ्लेमिंगो दाखवायला. त्याच दिवशी भीमेकाठचा फोन आला. धरणातून पाणी सुटले होते आणि मोटार काढायला गेलेला शेतकरी मध्येच बाभळीला धरून होता. चन्नप्पा आणि मी दोन ट्यूबा घेऊन गेलो. माणूस वाचला, श्रेय बाभळीचे. पाहुण्यांना पक्षी दिसले, आम्हाला काठावर त्याची बायको दिसत होती.

सबब होडी पथकाची. किल्ली धम्मप्रियाकडे राहील, इंजिन ती आमच्यापेक्षा बरे चालवते. होडी सहलीला, लग्नाला, फोटोला जाणार नाही. सुमितला माझी दुर्बीण देतो. पक्षी काठावरूनही दिसतात. फोन आल्यावर तो आला, तर होडीत पुढची, दोर फेकायची जागा त्याची. तो पोहतो चांगला. हे मी त्याला तोंडावर सांगितलेले नाही, सांगणारही नाही.

हे कलम मोडायला तो वकील करणार, हे मी जाणतो. म्हणून साक्षीदार असा हवा होता की ज्याच्याशी कोणी वाद घालू धजणार नाही. मंद्रूपच्या मेंढपाळ बाळाबाई यांना मी सीनेच्या पुरात ओळखू लागलो. चहूकडे पाणी, मधल्या उंचवट्यावर त्या आणि त्यांची मेंढरं.

"आदी कोकरं घ्या."

"बाई, होडी माणसांसाठी हाय."

"मग मी हितंच बसते. तुमी जावा, माणसं हुडका."

कोकरे घेतली. परतीला त्यांनी विचारले, "तुमी सरकारी व्हय?"

"न्हाय."

"पगार?"

"न्हाय."

"मग घरची काय म्हनत न्हाईत व्हय?"

काठावर आलो तर चप्पल गायब. बाळाबाईंनी पायातल्या काढून माझ्यापुढे टाकल्या. टायरच्या तळाच्या, जड. "घाला की. चिखलात काटं लई हाईत." स्वतः अनवाणी कोकरांमागे गेल्या. त्या चपला घालून मी नवी पेठेतून घरी आलो. लोकांनी पाहिले. फळ्यावर काहीही लिहिले नाही. पुढे त्या झिजवल्याही मीच.

न्यायालयात त्यांना उलट प्रश्न विचारले जातील तेव्हा मी हजर नसेन, एवढेच दुःख.

कलम चौथे. रद्द. यात बाळाबाईंना चपलांचा एक जोड देण्याचे लिहिले होते. वकील म्हणाले, मृत्युपत्रातून जिला काही मिळते तिला साक्षीदार करू नका, भांडायला फट राहते. तेव्हा दुकानातल्याच टायरचा तळ लावून शिवून घेतलेला जोड आज सकाळी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पाय घालून पाहिला, दोन पावले चालल्या आणि म्हणाल्या, "एवड्यासाठी मरायची वाट बघत हुता व्हय?" मग होडीचे कलम दोनदा वाचून घेतले आणि अंगठा पुढे केला.

ठिकाण सोलापूर, दिनांक ११ जानेवारी २०२६.

लिहून ठेवणार: रत्नदीप हणमंत सर्वगोड (सही)

साक्षीदार: चन्नप्पा बिराजदार, सोलापूर (सही, हिप्परग्याच्या वादावरील हक्क राखून)

साक्षीदार: बाळाबाई मायाप्पा कोळेकर, मंद्रूप (डाव्या अंगठ्याची निशाणी)

या मृत्युपत्रातून दोन्ही साक्षीदारांना स्वतःच्या नावे काहीही मिळत नाही. सही-अंगठा होईपर्यंत दुसऱ्या साक्षीदाराच्या चपला उंबऱ्याच्या आत, माझ्या नजरेसमोर ठेवल्या होत्या.