मुद्देसूद बोलण्याचा वर्ग

५ जुलै, रविवार
प्रार्थनागृहातल्या तरुण मंडळींना मुद्देसूद वाद घालायला शिकवण्याचं काम अखेर माझ्याकडे आलं. दुसरं कोणी तयार नाही, असं प्रमुख म्हणाले. अर्थ एकच: माझ्याइतका लायक दुसरा नाही. उभी हयात ऑफिसच्या मीटिंगांत गेली, अनुभव दांडगा. आमची लेकही वर्गात आहे. घरचाच नमुना इतरांना दाखवता येईल.

१२ जुलै, रविवार
पहिला धडा: समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या. यावर दीड तास बोललो. कोणी मध्ये बोललं नाही. मागच्या दोघांचे डोळे मिटलेले. चिंतन असावं. घसा बसला.

१९ जुलै, रविवार
विषय: प्रार्थनेचा उपयोग होतो का? 'होतो' ही बाजू मीच घेतली. जिंकतात कसं ते मुलांना दिसायला हवं. शिंप्याच्या मुलीनं विचारलं, आजीसाठी आपण सगळ्यांनी प्रार्थना केली, तरी ती गेली, मग? मी म्हटलं, मोठ्यांना उलट विचारू नये. जिंकलो. नंतर ती रडली, पण तो भाग वेगळा.

२० जुलै, सोमवार
लेक बोलत नाही. ही म्हणते, त्या मुलीची माफी मागा. उद्या नक्की फोन करतो. आज बीपी वाढल्यासारखं वाटतंय.

२६ जुलै, रविवार
फोन राहिला. वर्गाला चौघंच. गर्दीपेक्षा निवडक बरे. लेक स्वतः जाऊन शिंप्याच्या मुलीला घेऊन आली. दोघी मागे बसल्या. मी तिकडे पाहिलं नाही. थकलो.

२ ऑगस्ट, रविवार
प्रार्थनेहून आल्यावर लेक म्हणाली, यापुढे मी प्रार्थनेला येणार नाही. आवाज चढवला नाही. आधी माझी बाजू मांडली, माझ्यापेक्षा नीट. मग स्वतःची. मी म्हटलं, या घरात राहायचं तर यावं लागेल. ती म्हणाली, हे कारण झालं नाही, ही धमकी झाली. बरोबर ओळखलं. शिकवणी अगदीच वाया गेली नाही.

मग तिनं विचारलं, बाबा, तुम्ही का जाता? खोचक नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. तीस वर्षं जातोय. आत काहीतरी आहे, पण त्याचा मुद्दा होईना. ती ऐकायला थांबली, शेवटी तिच्या खोलीत गेली. ही दारात येऊन विचारून गेली, वाढू का. त्या प्रश्नाला हो म्हटलं.