आजाराचं नाव मिळालं नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

ओजू आजही शाळेत गेली नाही. पोटात दुखतं म्हणे. बस आली, हॉर्न वाजला, बस गेली. दिवाळीनंतर रोज हेच. चौथीतली पोर, हिला कसलं टेन्शन! मी चहा केला आणि प्यायचा विसरले.

६ नोव्हेंबर

सुबोधने मुलांच्या मनाची डॉक्टर शोधून काढली – चंडीगडला, कश्मिरा नावाची. शनिवारी जायचं. त्याचं सगळं सरळ असतं. डॉक्टरांनी पोरीच्या आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं की हेड ऑफिसात त्याच्या बदलीचा अर्ज हलणार, आणि आम्ही नागपूरला. तिकडे गेलं की सगळे ठणठणीत! मी हो म्हटलं. मला आनंदही झाला नाही न् वाईटही वाटलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

चंडीगडच्या अलीकडे झिरकपूरच्या जाममध्ये तासभर अडकलो. दवाखान्यात आधी ओजूला आत नेलं, मग आम्हाला. झोप कशी, भूक कशी, भीती किती, चिडचिड किती – कधीच नाही, कधीकधी, की नेहमी? मग तेच प्रश्न मला! मी म्हटलं, आजारी मुलगी आहे. "पूछ तो लेने दीजिए, मंजुषाजी," डॉक्टर म्हणाल्या.

सुबोध सारखा नाव विचारत होता. त्या म्हणाल्या, आजार आहे किंवा नाही, असे दोन डबे मी करत नाही. भीती, उदासी सगळ्यांतच असते, कुणात चिमूटभर, कुणात ओंजळभर. किती आहे आणि कधी वाढते, ते बघायचं. आणि मुलांचं मोजताना आईबापांचंही मोजायचं, कारण एकाच घरात ते एकमेकांत मिसळतं. म्हणजे घरोघरी मातीच्या चुली, असंच की.

सुबोध त्यांच्यासमोरच मला म्हणाला, "हिला काही येत नाही, दुसरीकडे जाऊ." मराठीत, अर्थात. इकडे उत्तरेत आल्यापासून ही आमची चोरभाषा झाली आहे. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर, ओजूसमोरही. तिला जेव, झोप, चल एवढं कळतं. उत्तरं सगळी हिंदीत.

९ नोव्हेंबर

पडून होते. ओजू मधूनमधून दारातून डोकावून जात होती.

१२ नोव्हेंबर

डॉक्टरांचा फोन आला. ओजूची भीती बरीच वर आहे, पण फक्त घरातून निघताना. अभ्यास, मैत्रिणी, राग, सगळं ठीक. शाळेत काही घडलेलं दिसत नाही. मग म्हणाल्या, "आपकी उदासी उससे भी ऊपर है, मंजुषाजी. एक बार आप भी आइए."

मी म्हटलं, बघते. थंडीने मरगळ येते, बाकी काय.

सुबोधला सांगितलं. तो म्हणाला, तुझं कशाला मोजलं? थोड्या वेळाने म्हणतो कसा, तुझ्या नावावर बदली होते का विचारतो! मला राग यायला हवा होता. आलाच नाही. याचीच जरा भीती वाटली.

१३ नोव्हेंबर

काही नाही. कपडे वाळत नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज ओजू युनिफॉर्म घालून तयार झाली, दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. खाली बस हॉर्न देत होती. मी विचारलं, शाळेत कुणाची भीती वाटते का गं?

"स्कूलची नाही," ती म्हणाली. मराठीत! "तू नीलामावशीला फोनवर बोलली ना – सकाळी डोळे उघडलेच नाहीत तर बरं. मी स्कूलमध्ये असली तर तुला कोण उठवणार?"

दिवाळीतला फोन. ती शेजारीच रंग भरत बसली होती. मी बिनधास्त बोलले होते, मराठीत.

बस गेली. मी तिला पोटाशी धरलं आणि रडले, किती महिन्यांनी कोण जाणे. मग तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्यासाठी वेळ मागितली.