उजव्या डोळ्याच्या साक्षीनं केलेली वाटणी

मी, या कपडे रंगवायच्या दुकानाची मालकीण, वय चोपन्न, चौथी पास आणि पाचवीतून पळालेली, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालील असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं, डाव्याचं परवा आहे. डॉक्टर म्हणतात, यानं कुणी मरत नाही. पण एका डोळ्यानं इतकी उलथापालथ केली, दुसरा काय करील कोण जाणे. म्हणून आधीच लिहून ठेवते.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात सगळं भाच्याला दिलं होतं. ते मी रद्द करते. कारण पुढं लिहिलं आहे. भाच्यानं मधेच कागद ठेवून रुसून बसू नये.

कलम १. दुकानाच्या वरचा माळा.
माळ्यावर मास्तर राहतात. ते तत्त्वज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांनी जिवंत असेतोवर तिथंच राहावं, आणि माझ्यामागं कुणी त्यांना "जागा कधी सोडताय?" असं आडून आडूनही विचारू नये. पुस्तकांच्या वजनानं तुळई वाकली आहे. तिला खालून टेकू द्यावा, मास्तरांना उपदेश देऊ नये. मी त्यांना साक्षीदार करणार होते, पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. मास्तर खूश झाले. म्हणाले, "हे कायद्याला उशिरा सुचलं. ज्याचा फायदा आहे त्याचं म्हणणं तपासून घ्या, असं विचार करणारी माणसं फार आधीपासून म्हणतात."

कलम २. हत्यारं.
तांब्याचे दोन टब, ढवळायच्या काठ्या, तराजू आणि मापाचे चमचे दुकानाबरोबर जातील. मोठी कात्री शेजारच्या शिंप्याला कायमची दिली असं समजावं. अकरा वर्षं तो "उद्या देतो" म्हणतो आहे. निदान त्याचं खोटं बोलणं तरी थांबेल.

कलम ३. बँकेत जे काही आहे ते भाच्याला. गाडीही त्याला. कपडे पोचवताना तो गिऱ्हाइकाशी इतकं गोड बोलतो की माणसं एक कपडा द्यायला येतात आणि चार देऊन जातात. माझ्यात तो गुण नाही. पण दुकान त्याला मिळणार नाही.

का, ते सांगते. मास्तर संध्याकाळी भट्टीशेजारी बाकड्यावर बसतात आणि मी विचारलं नाही तरी सांगतात. एकदा म्हणाले, अडीच हजार वर्षांपूर्वी एक माणूस म्हणाला की सगळं जग पाण्यापासून झालं. मी म्हटलं, "शहाणा होता. रंगारीच असणार."

"बाई, उत्तर चुकीचंच होतं," मास्तर म्हणाले. "गंमत पुढं आहे. त्याच्यामागून आलेला म्हणाला, पाणी नव्हे. तिसरा म्हणाला, तुम्ही दोघंही चुकलात, हवा. आणि म्हणून कुणी कुणाला हाकलून दिल्याचं ऐकिवात नाही. विज्ञानाचं मूळ तिथं आहे. उत्तरात नाही, खोडून काढायला मोकळीक होती त्यात आहे."

मी म्हटलं, "माझ्या दुकानात असं चाललं असतं तर एक कपडा रंगून बाहेर पडला नसता." मास्तरांनी खुंटीवरच्या जुन्या एप्रनकडं बघितलं. मला राग आला, कारण तिकडं का बघितलं ते मला कळलं होतं. ते कलम चारमध्ये येईल.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, निरोगी माणसाला मध गोड लागतो, आजाऱ्याला कडू. मध तोच. मग गोडी मधात की जिभेत? हा प्रश्न विचारला आणि माणूस वस्तूकडं बघता बघता स्वतःकडं बघायला लागला. तत्त्वज्ञानाला मानसशास्त्राचे दिवस तेव्हाच गेले, फक्त बाळंतपण दोन हजार वर्षं लांबलं. मला काही पटलं नाही. तेव्हा त्यांनी तीन टब भरायला लावले. एकात कढत, एकात गार, मधल्यात कोमट. एक हात कढतमध्ये, एक गारमध्ये, थोडं थांबून दोन्ही कोमटमध्ये. माझा एक हात म्हणाला गार, दुसरा म्हणाला गरम. पाणी तेच, हात माझेच! मी पाच वेळा करून पाहिलं. त्या दिवशीचे कपडे उशिरा गेले.

मग भाच्याला करायला लावलं. "काय वाटतं? गरम की गार?"

तो हात टबात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "आत्या, तुला काय वाटतं?"

म्हणून त्याला दुकान नाही. पोरगा सोन्यासारखा आहे, पण होयबा आहे. रंगाच्या कामात होयबा दुकान बुडवतो. मीच त्याला तसं केलं, तेही इथं लिहून ठेवते.

कलम ४. दुकान, भट्टी, नमुन्यांच्या वह्या आणि गिऱ्हाईक, हे सगळं माझ्या धाकट्या बहिणीला.

आम्ही दोघी बाबांकडं एकाच टबावर शिकलो. सहा वर्षांपूर्वी नाट्यगृहाचा मोठा पडदा आला. अर्धा जुना होता, तसाच निळा दुसरा अर्धा रंगवून द्यायचा होता. मी नमुना हातात घेतला नाही. निळा माझ्या डोळ्यांत बसला आहे, असं मी म्हणायचे. नमुना बघून रंगवतो तो कच्चा. धाकटी म्हणाली, "ताई, निळा जास्त पडलाय. बाहेर नेऊन बघ."

मी म्हटलं, "तुझे डोळे बिघडलेत. दाखवून ये."

ती खरंच दाखवून आली. डॉक्टरांचा कागद माझ्यापुढं आपटला: डोळे उत्तम. मी म्हटलं, डॉक्टरला रंगातलं काय कळतं? तिनं एप्रन काढून खुंटीला लावला आणि गेली. पडदा लागला. लोक म्हणाले, नाटकात एक बाजू रात्र आणि एक बाजू दिवस असावी. मी दिव्यांना दोष दिला. पुढची सहा वर्षं मी तिला तिच्या नव्या दुकानासमोरून जाताना ओळख दिली नाही.

महिन्यापूर्वी उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. दुकानात आले आणि बोंबच मारली. सगळं निळं! रुमाल निळसर, भिंत निळसर. तशीच दवाखान्यात गेले आणि म्हटलं, "माझा डोळा बिघडवलात!" डॉक्टर हसले. मी घरी येऊन डावा डोळा झाकून बघितलं, मग उजवा झाकून. डाव्यानं रुमाल चहात बुडवल्यासारखा दिसला. उजव्यानं पांढरा. आता खरा कोण?

मी मास्तरांना म्हटलं, "डावा जुना आहे, त्याचं ऐकते."

"म्हणजे ज्याच्याशी ओळख जास्त त्याचं खरं?" मास्तर म्हणाले. "दोन डोळ्यांचं भांडण आहे बाई. तिसरा माणूस बोलवा."

दोन दिवस मी ऐकलं नाही. मग त्या पडद्याच्या उरलेल्या पट्ट्या काढल्या, पाच नमुन्याला आलेल्या जुन्या अर्ध्याच्या, पाच माझ्या. पाठीवर खुणा करून मिसळल्या. पोस्टमनला निवडायला लावलं, बेकरीवालीला लावलं, ओळखीच्या नसलेल्या सहा गिऱ्हाइकांना लावलं. मी आत बसले, म्हणजे माझ्या तोंडाकडं बघून कुणी बोलणार नाही. आठही जणांनी दहाच्या दहा वेगळ्या केल्या. माझ्या उजव्या डोळ्यानं दहा. डाव्यानं पाच बरोबर, पाच चूक. म्हणजे डोळे मिटून निवडल्या असत्या तरी तेवढंच.

डोळ्यावर मोतीबिंदूचा पिवळट पडदा होता आणि निळा मला फिका दिसायचा, म्हणून मी चमचाभर जास्त टाकत होते. इतकंच. पण डोळा डॉक्टरनं साफ केला. सहा वर्षं "मीच बरोबर" म्हणणारं जे आत बसलं होतं त्याचं काय? मास्तर म्हणतात, त्याचाही अभ्यास चालू आहे, माणसं आधी ठरवतात आणि मग तसंच बघतात. अभ्यास करणाऱ्यांनी माझ्याकडं यावं. चहा मिळेल.

तर धाकटीचं बरोबर होतं. हे मी इथं लिहिते, म्हणजे मी गेल्यावर तिला कळेल.

कलम ५. (हे नंतर जोडलं आहे.)
वरचा मजकूर वाचून वकीलबाई म्हणाल्या, "बहिणीला दुकान हवं आहे का, हे कुणी विचारलंय?" मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं असं मी धरून चालले होते. मी फोन केला. धाकटी आज सकाळी आली. दारातच उभी राहिली. मी कागद पुढं केला. तिनं कलम चार उभ्याउभ्या वाचलं.

"म्हणजे तू मेल्यावर मला कळणार होतं?"

"मग काय! कागदावर पक्कं केलंय ना."

"मला नकोय तुझं दुकान. मला आहे दुकान. तोंडानं म्हण."

"लिहिलंय की वर."

"तोंडानं, ताई."

मास्तर माळ्यावरून उतरायला निघाले होते, ते अर्ध्या जिन्यात थांबले. भाचा गाडी पुसायची सोडून दारात आला. इतक्या वर्षांत या दुकानात मी ते वाक्य कुणाला म्हटलेलं नव्हतं. आधी खोकले. मग म्हटलं, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

"कशात?"

"रंगात. आणि तुला घालवलं त्यात."

धाकटी रडली नाही, मीही नाही. आमच्या घरात ती सवय नाही. ती भट्टीपाशी गेली, टबातलं कापड काठीनं वर उचलून बघितलं आणि म्हणाली, "हे काय केलंयस? हिरवा करपलाय."

"करपलेला नाही. वाफेत तसा दिसतो."

"आत्या," दारातून भाचा म्हणाला, "करपलाय."

आम्ही तिघं कापड घेऊन बाहेर उजेडात गेलो. करपला होता.

सबब, धाकटीच्या संमतीनं कलम चार खोडून असं लिहिते: येत्या सोमवारपासून दोन्ही दुकानं एक, आणि आम्ही दोघी मालकीण. त्याचे कागद वकीलबाई वेगळे करतील. भाचा रंगाच्या कामावर, शिकाऊ उमेदवार म्हणून. हे सगळं मी जिवंत असतानाच होणार असल्यामुळं मेल्यावर द्यायला माझ्याकडं फारसं उरत नाही. वकीलबाईंनी विचारलं, मग मृत्युपत्र कशाला ठेवता? मी म्हटलं, असू दे. शिंप्याला कात्रीचं कळायला हवं.

वरचं सगळं मी वाचलं, धाकटीनं वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केलं, मला ते मान्य आहे.

सही: दुकानाची मालकीण (सोमवारपासून अर्धी)

आमच्यासमोर सही केली. आम्हाला या कागदातून काही मिळत नाही:
१. पोस्टमन, सही
२. बेकरीवाली, सही

ठिकाण: दुकानाबाहेरची पायरी, उजेडात
दिनांक: १२ मार्च २०२४, मंगळवार